डोपामीनची वाट अडविणारे संयुग : हॅलोपेरिडॉल

पालघर जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून दादरा व नगर हवेली हा प्रदेश आहे. सिल्वासा हे त्याचे मुख्य ठाणे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, त्या वेळी तेथे शेती आणि जंगल यांवाचून उपजीविकेचे दुसरे साधन जवळजवळ नव्हते. १९६५ च्या सुमारास पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे सिल्वासा, मसाट व खडोली येथे प्रशासनाने वसाहती वसविल्या. आज या पट्ट्यात औषधनिर्मितीचेही कारखाने आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंस वारली, कोकणा व इतर आदिवासी समाजांची वस्ती असून त्यांचे नातेसंबंध, बाजारहाट आणि दवाखान्यातील ये-जा या सीमेला जुमानीत नाहीत. त्यामुळे मनोविकारांवरील औषधांविषयीची शास्त्रीय माहिती उभय बाजूंच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, शिक्षकांना व ग्रामसेवकांना सारखीच उपयुक्त ठरेल.

प्रस्तुत लेखात ‘हॅलोपेरिडॉल’ या संयुगाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. मेंदूतील डोपामीन या द्रव्याचे ग्राही रोखून धरणारे हे संयुग गेली सहा दशके प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात अशा दोन्ही ठिकाणी वापरात आहे. प्रयोगशाळेतील उंदरावर ते जो परिणाम घडविते, त्याचाच दुसरा अवतार कधी कधी रुग्णाच्या घरी दिसतो. तो ओळखता आला तर उपचार टिकतो आणि न ओळखता आल्यास उपचार सुटतो. या संयुगाचे शास्त्र सामान्य वाचकाने समजून घेणे अगत्याचे आहे, ते याच कारणाने.

डोपामीनचे कार्य

मेंदू असंख्य मज्जापेशींचा बनलेला आहे. एका पेशीचे टोक दुसऱ्या पेशीला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. संदेश या फटीपाशी आला की पहिली पेशी एक रासायनिक द्रव्य फटीत सोडते. ते द्रव्य पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांत जाऊन बसते आणि संदेश पुढे जातो. या प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. संदेशवाहक द्रव्य ही किल्ली आणि ग्राही हे कुलूप, अशी उपमा पाठ्यपुस्तकांतून देण्यात येते, ती येथे चपखल बसते.

डोपामीन हे अशा संदेशवाहकांपैकी एक होय. १९५० च्या दशकापर्यंत ते केवळ दुसरे द्रव्य तयार होण्याच्या मार्गातील एक पायरी समजले जात असे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांवर केलेल्या प्रयोगाने ही समजूत बदलली. त्यांनी सशांना रेसर्पिन हे औषध दिले. त्यायोगे मेंदूतील संदेशवाहकांचा साठा रिता झाला आणि ससे निश्चल पडून राहिले. नंतर डोपामीनचे पूर्वद्रव्य असलेले ‘एल-डोपा’ टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. शरीराच्या हालचालींवर डोपामीनचे नियंत्रण असते, हे या प्रयोगावरून स्पष्ट झाले. या आणि पुढील संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत मिळाला.

या प्रयोगाशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे. रेसर्पिन हे सर्पगंधेच्या मुळातून मिळते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उन्माद व रक्तदाब या विकारांवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. तद्वत एल-डोपा हे द्रव्य आपल्या रानातील खाजकुहिलीच्या बियांत असते. मद्रास येथे १९३७ मध्ये ते या बियांतून वेगळे काढण्यात आले आणि मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांच्या चूर्णाचा प्रयोग करून १९७८ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. डोपामीनचा साठा रिता करणारी आणि तो भरून काढणारी, अशा दोन्ही वनस्पती आपल्या देशातील असाव्यात, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

संयुगाचा शोध

हॅलोपेरिडॉल हे वनस्पतिजन्य नाही. ते पूर्णतः प्रयोगशाळेत बनविलेले कार्बनी संयुग आहे. बेल्जियममधील बीर्से या गावी पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत पेथिडिन या वेदनाशामक औषधाच्या रेणूत फेरफार करून अधिक प्रभावी वेदनाशामके शोधण्याचे काम चालले होते. त्यांतील काही संयुगे दिल्यानंतर उंदीर आधी वेदनाशामक दिल्याप्रमाणे वागत आणि नंतर अगदी शांत, निश्चल होत. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेले व १९५२ पासून पॅरिसच्या मनोरुग्णालयात वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन हे औषध असाच परिणाम घडवीत असे. यान्सन यांनी हा धागा पकडला. रेणूतील वेदनाशामक गुण कमी करीत व शामक गुण वाढवीत त्यांच्या प्रयोगशाळेने अनेक संयुगे बनविली. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी तयार झालेले ‘आर १६२५’ हे संयुग त्यांत सर्वांत सरस ठरले. तेच हॅलोपेरिडॉल होय. त्याच वर्षी लिएज येथील मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

औषध गुणकारी होते, पण ते कसे काम करते हे कोणास ठाऊक नव्हते. या कोड्याची पहिली उकल पुन्हा कार्लसन यांनीच सुचविली. १९६३ मध्ये त्यांनी व लिंडक्विस्ट यांनी दाखविले की, क्लोरप्रोमाझिन किंवा हॅलोपेरिडॉल दिल्यावर उंदरांच्या मेंदूत डोपामीनचा साठा कमी होत नाही, उलट त्याच्या विघटनातून निर्माण होणारी द्रव्ये वाढतात. याचा अर्थ असा की, औषध ग्राहींना अडवून बसते, संदेश पोहोचत नाही, म्हणून पेशी अधिकाधिक डोपामीन सोडीत राहतात. एखाद्याने दार लावून घेतल्यास बाहेरचा माणूस अधिक जोराने ठोठावतो, तसाच हा प्रकार आहे. रेसर्पिन आणि हॅलोपेरिडॉल यांचा दृश्य परिणाम सारखा असला तरी एक साठा रिता करते आणि दुसरे दार अडविते, हा भेद लक्षात ठेवावयास हवा.

१९७५ मध्ये टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या संशोधक गटांनी किरणोत्सर्गी हॅलोपेरिडॉल वापरून मेंदूच्या ऊतकात ते नेमके कोठे बसते याचा प्रत्यक्ष पुरावा मिळविला. मनोविकारावरील प्रत्येक औषधाची रुग्णास लागणारी मात्रा आणि ते औषध या ग्राहीस किती घट्ट बिलगते, या दोन बाबींत जवळचा मेळ असल्याचे पुढील वर्षी दिसून आले. जे औषध अधिक घट्ट बिलगते त्याची मात्रा कमी लागते. क्लोरप्रोमाझिन शेकडो मिलिग्रॅम द्यावे लागते, तर हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅममध्येच पुरते. याचे कारण हेच. डोपामीनचे ग्राही पाच प्रकारचे असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्यांपैकी ‘डी-२’ हा हॅलोपेरिडॉलच्या कार्याचा मुख्य ग्राही होय. त्याचे जनुक १९८८ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच्या खाचेत हॅलोपेरिडॉलचा रेणू कसा बसतो याची त्रिमितीय रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रयोगशाळेतील उपयोग

औषधिक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉलचा उपयोग प्रामुख्याने मोजपट्टीसारखा केला जातो. उंदरास शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे अर्धा ते एक मिलिग्रॅम मात्रा टोचली असता तो काही वेळाने ‘स्तंभावस्थेत’ जातो. त्याचे पुढचे दोन्ही पाय एका आडव्या दांडीवर ठेवले तर निरोगी उंदीर तत्काळ खाली उतरतो. स्तंभावस्थेतील उंदीर मात्र ठेवलेल्या स्थितीत तसाच राहतो. तो झोपलेला नसतो. त्याचे पाय लुळे पडलेले नसतात. हालचाल सुरू करण्याची आज्ञाच त्याच्या मेंदूत निघत नाही. तो खाली उतरण्यास किती सेकंद लावतो हे घड्याळाने मोजले की स्तंभावस्थेची तीव्रता समजते. नवे औषध कंपवातावर उपयोगी पडेल किंवा कसे, अथवा ते रुग्णात ताठरपणा आणील काय, याचा अंदाज या साध्या प्रयोगावरून बांधता येतो.

अशा संशोधनात महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणचे वैद्यकीय महाविद्यालयही मागे राहिले नाही. सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधिक्रियाविज्ञान विभागातील बालसरा, जाधव व चांदोरकर यांचा हॅलोपेरिडॉलजन्य स्तंभावस्थेवरील शोधनिबंध १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेंदूतील सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकावर प्रभाव पाडणारी औषधे या स्तंभावस्थेत काय फरक घडवितात, हा त्यांचा विषय होता. ताठरपणा हा एकट्या डोपामीनचा प्रश्न नसून सेरोटोनिनचाही त्यात वाटा आहे, ही गोष्ट या दिशेने झालेल्या निरनिराळ्या प्रयोगांतून पुढे आली. डोपामीनबरोबर सेरोटोनिनचेही काही ग्राही रोखणारी रिस्पेरिडोनसारखी औषधे नंतरच्या काळात प्रचारात आली. योग्य मात्रेत ती तुलनेने कमी ताठरपणा आणतात. एक दांडी, एक घड्याळ आणि काटेकोर नोंदी एवढ्या सामग्रीवर मौलिक प्रश्न हाताळता येतो, हे सोलापूरच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

मात्र हॅलोपेरिडॉल हे निर्भेळ साधन नव्हे. ते डी-२ खेरीज इतर काही ग्राहींनाही बिलगते. म्हणून एकट्या त्याच्या आधारे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. त्याच्या जोडीला केवळ डी-२ गटाच्या ग्राहींवर काम करणारे रॅक्लोप्राइड, अथवा डी-१ गटावर काम करणारे व १९८३ पासून परिचित असलेले ‘एससीएच २३३९०’ यांसारखी संयुगे वापरून तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा शास्त्रीय प्रघात आहे. तसेच प्राण्यांवरील प्रयोगांस १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम व त्याखालील १९९८ चे नियम लागू आहेत. संस्थेच्या नीतिविषयक समितीच्या मान्यतेविना असे प्रयोग करता येत नाहीत. केवळ अध्यापनासाठी करावयाच्या प्रात्यक्षिकांची जागा आता बहुतांशी संगणकावरील प्रात्यक्षिकांनी घेतली आहे.

कारखान्यातील कसोटी

वापीपासून सिल्वासा सुमारे २० किलोमीटरवर आहे. १९८३ मध्ये वापी येथे ‘सन फार्मास्युटिकल’ या उद्योगाचा आरंभ मनोविकारांवरील अवघ्या पाच औषधांनी झाला. पुढे सिल्वासा व दादरा येथेही या उद्योगाचे कारखाने झाले. मनोविकारांवरील औषधे बनविण्याची परंपरा या टापूत अशा रीतीने जुनी आहे.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाच्या निर्मितीत प्रयोगशाळेची जबाबदारी विशेष असते. याच्या गोळीत औषधाचे प्रमाण पाव मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत असते. गोळीचे उरलेले वजन स्टार्च, लॅक्टोज यांसारख्या निष्क्रिय पदार्थांचे असते. दीड मिलिग्रॅम औषध गोळीच्या मिश्रणात समप्रमाणात मिसळणे हे मूठभर तीळ पोतेभर तांदळात सारखे कालविण्याइतके बिकट काम आहे. मिश्रण नीट झाले नाही, तर एका गोळीत औषध दुप्पट आणि दुसरीत जवळजवळ नाही, असे होऊ शकते. म्हणून अशा अल्पमात्रेच्या गोळ्यांची सरसकट सरासरी न काढता प्रत्येक गोळी वेगळी तपासून औषधाच्या प्रमाणाची एकरूपता पाहिली जाते. भारतीय औषधकोशात हॅलोपेरिडॉलची मानके दिलेली आहेत. प्रकाशाने ते बिघडते, म्हणून प्रकाशापासून त्याचे रक्षण करावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भांडारातही हे औषध मूळ वेष्टनातून काढून उघड्या बरणीत ठेवू नये.

रुग्णाच्या शरीरात

छिन्नमनस्कता या विकारात रुग्णास नसलेले आवाज ऐकू येतात, आपणावर कोणी पाळत ठेवीत आहे अशी पक्की समजूत होते. मेंदूच्या काही भागांत डोपामीनचे कार्य वाढल्याने ही लक्षणे उद्भवतात, असे मानले जाते. हॅलोपेरिडॉल ग्राही अडवून त्यांची तीव्रता कमी करते. परंतु औषध रक्तावाटे सर्व मेंदूत जाते. जेथे डोपामीन अधिक आहे तेथे आणि जेथे ते नेमके हवे तेवढेच आहे तेथेही ते ग्राही अडविते. हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात असे घडले की उंदराच्या स्तंभावस्थेचे मानवी रूप प्रकट होते. मेंदूच्या किरणोत्सर्गी प्रतिमांच्या साहाय्याने असे आढळले आहे की, सुमारे ६५ टक्के डी-२ ग्राही अडले की गुण येऊ लागतो आणि सुमारे ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणाचा संभव फार वाढतो. गुण आणि अपाय यांमधील पट्टी एवढी अरुंद आहे. यास्तव ‘गोळी वाढविली की लवकर बरे वाटेल’ हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

या अपायाची रूपे ओळखता येणे महत्त्वाचे आहे. औषध सुरू केल्यापासून काही तासांत वा दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णात, मान एका बाजूस वळून अडकते, जबडा आवळतो किंवा डोळ्यांची बुबुळे वर चढून तेथेच राहतात. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो व भयभीत होतो. दुसऱ्या प्रकारात त्याला एका जागी बसवत नाही. पायांत सतत अस्वस्थता असते आणि तो येरझारा घालीत राहतो. तिसऱ्या प्रकारात चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतात, पाऊल लहान पडते. हा औषधजन्य कंपवात होय. दीर्घकाळच्या वापरानंतर ओठ व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होण्याचाही संभव असतो.

वळलेली मान आणि वर चढलेले डोळे पाहून घरची मंडळी हा बाहेरच्या बाधेचा प्रकार समजतात, रुग्णास भगताकडे नेतात आणि औषध कायमचे बंद होते, असे घडू शकते. दुसऱ्या बाजूने, येरझारा घालणारा रुग्ण ‘अधिक बिघडला’ असे समजून औषधाची मात्रा वाढविली जाण्याचाही धोका असतो. दोन्ही ठिकाणी हानी रुग्णाचीच होते. वास्तविक मान वाकडी होण्याच्या विकारावर प्रोमेथाझिनचे इंजेक्शन वा तत्सम औषध दिल्यास बहुधा अर्ध्या तासात आराम पडतो. म्हणून अशा रुग्णास विनाविलंब जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. भगतावर घरच्यांची श्रद्धा असल्यास तिचा अव्हेर करण्याऐवजी त्यालाच विश्वासात घेऊन रुग्णास दवाखान्यात आणावे. तीव्र ताप, सर्वांगाचा ताठरपणा आणि गुंगी अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो प्राणघातक प्रसंग समजून रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात हलविणे आवश्यक आहे.

हाच परिणाम उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड या साध्या औषधानेही होऊ शकतो, कारण तेही डी-२ ग्राहींचे रोधक आहे. उलटीवरील गोळी घेतलेल्या मुलाची मान वाकडी झाल्यास त्याला वेड लागले असे समजण्याचे कारण नाही. त्याच कुळातील डोम्पेरिडोन हे मेंदूत अत्यल्प प्रमाणात शिरत असल्याने त्याचा असा उपद्रव क्वचितच होतो. मात्र हृदयाच्या तालावर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे विसरू नये. कंपवाताच्या रुग्णास हॅलोपेरिडॉल वा मेटोक्लोप्रमाइड देणे टाळले पाहिजे, कारण त्याच्या मेंदूत डोपामीन आधीच कमी असते.

प्रक्षुब्ध रुग्णास शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन एकत्र देण्याच्या पद्धतीची शास्त्रशुद्ध तपासणी वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. तिचे निष्कर्ष २००४ व २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही जोडी स्वस्त व परिणामकारक असल्याचे तिने दाखविले. दुर्गम पाड्यांवरील ज्या रुग्णांना रोजची गोळी नियमित घेणे शक्य होत नाही, त्यांच्यासाठी या औषधाचे चार आठवड्यांतून एकदा टोचावयाचे तैलयुक्त इंजेक्शनही उपलब्ध आहे. कोणास ते द्यावे हा निर्णय अर्थात मनोविकारतज्ज्ञाचा आहे.

समारोप

हॅलोपेरिडॉल हे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. सिल्वासा येथे विनोबा भावे रुग्णालय असून २०१९ पासून तेथे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि ‘टेली-मानस’ योजनेखाली १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा अधिकार प्रत्येकास दिलेला आहे.

हा अधिकार प्रत्यक्षात येण्यासाठी औषध पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच त्यासोबत माहिती पोहोचणे आवश्यक आहे. मनोविकारावरील औषध सुरू झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी पहिल्या आठवड्यात एकदा तरी आरोग्य सेविकेने वा आशा कार्यकर्तीने जावे. मान, जबडा, डोळे आणि चाल या चार गोष्टी पाहाव्यात. रुग्ण स्वस्थ बसू शकतो काय हे विचारावे आणि काही वेगळे आढळल्यास औषध परस्पर बंद न करता वैद्यकीय अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे. प्रयोगशाळेतील दांडीवर खिळून राहिलेल्या उंदराने शास्त्रज्ञांना जे शिकविले, ते पाड्यावरील कुटुंबापर्यंत नेण्याचे काम या भेटीतूनच होणार आहे.